रुंद बोटे आणि गिटारची दांडी

देवास अथवा धार येथील एखाद्या घरात विजेवर वाजणारी गिटार प्रथम येते, तेव्हा ती बहुधा इंदुराहून आलेली असते. देवासपासून इंदूर सुमारे ३५ किलोमीटर, धारपासून सुमारे ६५. दुकानदार दाखवील त्या दोनचार वाद्यांतून रंग आणि किंमत पाहून एक निवडावयाचे आणि संध्याकाळच्या मोटारीने परतावयाचे, असा हा व्यवहार असतो. अलीकडे तर एवढेही कष्ट पडत नाहीत. मोबाइलच्या पडद्यावर चित्र पाहून मागणी नोंदवावी, की काही दिवसांत खोके दारात येऊन पडते. कठीण काळ त्यानंतरचा. मुलाची बोटे जाड असतात. एका तारेवर बोट टेकवावे तर शेजारची तार आपोआप दबते, आणि सहा तारांतून भरघोस नाद उमटावयाचा त्या ठिकाणी तीन तारा वाजतात व तीन मुक्या राहतात. शिकविणारा म्हणतो, सराव वाढव. घरची माणसे म्हणतात, हे तुझ्या हाताचे काम नव्हे. चारसहा महिन्यांनी गिटार कपाटावर चढते, आणि बचतीतून वेगळे काढलेले पैसेही तिच्याबरोबर धूळ खात राहतात.

या दोन्ही उत्तरांत थोडे थोडे तथ्य आहे. पण दोन्ही अपुरी आहेत. तिसरे उत्तर असे की, गिटारच्या दांडीला माप असते, ते सर्व गिटारांचे सारखे नसते, आणि पैसे मोजण्यापूर्वी ते माप मोजता येते. हे उत्तर सांगणारा सहसा कोणी भेटत नाही, एवढेच.

वास्तविक वाद्य माणसाच्या मापाचे असावे, ही गोष्ट देवासला बाहेरून कोणी येऊन शिकवावी अशी नव्हे. रजबअली खाँ (१८७४–१९५९) हे थोर गवई या गावी राहिले. गवई असूनही बीन त्यांच्या हातात होती. पुढे १९४८ साली कुमार गंधर्व क्षयाच्या आजारात हवापालटासाठी देवासला आले आणि १९९२ पर्यंत येथलेच होऊन राहिले. आजारातून ते उठले तेव्हा पूर्वीचा लांब दम राहिलेला नव्हता. छोट्या, झळाळत्या स्वरवाक्यांची त्यांची गायकी या शारीरिक मर्यादेशी झालेल्या झुंजीतून घडली, असे त्यांच्या गाण्याविषयी लिहिणारे अनेक जाणकार मानतात. शरीर आहे तसे स्वीकारून कलेची वाट शोधावी लागते, याचा याहून मोठा दाखला माळव्यात शोधावयास नको.

वाद्ये घडविणाऱ्यांनीही हाच न्याय पाळला. मिरजेस शिकलगार घराण्यातील कारागिरांनी एकोणिसाव्या शतकात हत्यारांच्या कामाकडून तंतुवाद्यांकडे मोर्चा वळविला आणि त्या गावाचे नाव सर्व देशात नेले; २०२४ साली मिरजेच्या सतारीला व तानपुऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. तेथे तानपुऱ्याची मागणी नोंदविताना पहिला प्रश्न असतो तो हा, की गाणारा पुरुष आहे की स्त्री. कारण उंच पट्टीच्या गळ्याला लहान भोपळ्याचा व आखूड तारांचा तानपुरा लागतो, खर्जाच्या गळ्याला मोठा. सतारीचे पडदे तर दोऱ्याने बांधलेले असतात. वाजविणाऱ्याने आपल्या कानाप्रमाणे ते वरखाली सरकवावेत.

गिटारची गोष्ट वेगळी आहे. ती तयार कपड्यांच्या दुकानातील सदऱ्यासारखी सरासरी माणसासाठी शिवलेली असते. तिचे पडदे, म्हणजे फ्रेट, लाकडात कायमचे ठोकलेले असतात आणि दांडीची रुंदी कारखान्यात ठरून येते. ही रुंदी मोजावयाची कोठे, हे प्रथम पाहिले पाहिजे. खुंट्यांकडच्या टोकाला, जेथून तारा दांडीवर उतरतात तेथे, हाडाची किंवा प्लॅस्टिकची एक खाचा पाडलेली आडवी पट्टी असते. तिला नट म्हणतात. सतारीवर अशाच जागी आड असते. या नटाची लांबी म्हणजेच तेथील दांडीची रुंदी. मोठ्या हाताच्या माणसाला अडचण येते ती मुख्यतः येथेच. दुसऱ्या टोकाकडे, घोडीच्या बाजूला, तारा एकमेकींपासून दूर जात असल्यामुळे तेथे बोटांना अधिक जागा असते.

आता आकडे पाहू. विजेच्या गिटारमध्ये नटाची रुंदी सामान्यतः ४१ ते ४३ मिलिमीटर असते. पोलादी तारांच्या, विजेवाचून वाजणाऱ्या गिटारमध्ये ती ४३ ते ४५ पर्यंत जाते. नायलॉनच्या तारांच्या अभिजात स्पॅनिश गिटारमध्ये सुमारे ५२. ४२ मिलिमीटरच्या दांडीवर दोन्ही कडांना साडेतीन साडेतीन मिलिमीटर सोडले, तर पहिल्या तारेपासून सहाव्या तारेपर्यंत ३५ मिलिमीटर उरतात. तारा सहा, म्हणून त्यांच्यामधल्या जागा पाच. एका तारेच्या मध्यापासून दुसरीच्या मध्यापर्यंत बरोबर ७ मिलिमीटर. मोठ्या माणसाच्या तर्जनीचे टोक १५ ते २० मिलिमीटर रुंद असते. याचा अर्थ असा की, सात मिलिमीटरच्या फटीत कोणाचेच बोट मावत नाही. बारीक बोटाच्या माणसाचेही नाही. जो वाजवितो तो बोटाचा सपाट भाग न टेकवता नखाजवळचे टोक उभे टेकवतो, आणि बोटाची कमान करून शेजारच्या तारेवरून ते पलीकडे नेतो. म्हणून सराव कर म्हणणारा शिक्षक अगदीच चुकत नाही. डाव्या हाताची नखे वाढलेली असली तर बोट उभे राहूच शकत नाही, ही साधी गोष्टही पुष्कळ ठिकाणी दुर्लक्षित राहते.

परंतु कमान कितीही चांगली असली तरी जाड टोकाला एखादा मिलिमीटर कमी पडतोच. हाच मिलिमीटर महत्त्वाचा आहे. नट ४८ मिलिमीटरचा असेल तर तारांमधील अंतर ८ मिलिमीटरांच्या थोडे वर जाते. सातावरून आठ, म्हणजे सातवा हिस्सा वाढ. कागदावर ही वाढ नगण्य दिसते. जाड बोटाला मात्र ती दाराची चौकट रुंदावल्यासारखी वाटते.

मग कारखानदारांनी दांडी मुळातच अरुंद का केली? यामागे कारणे आहेत, खोडसाळपणा नाही. नायलॉनची तार जाड असते आणि छेडल्यावर मोठा झोका घेते. उजव्या हाताची बोटे तारांच्या मध्ये शिरून वाजवितात. म्हणून तेथे जागा सोडावी लागते. पोलादी तार बारीक, ताठ, तिचा झोका लहान. त्यातून विजेच्या गिटारमध्ये आवाज मोठा करण्याचे काम यंत्र करते, तेव्हा तार जोराने छेडण्याचे कारण उरत नाही. तारा पातळ घेता येतात आणि दांडीच्या अगदी जवळ ठेवता येतात. त्याआधी १९२०च्या दशकात गिब्सन कंपनीने दांडीच्या पोटात एक लोखंडी सळई घालण्याची युक्ती काढली, जिचे पेटंट १९२३ साली मिळाले. ट्रस रॉड म्हणतात ती हीच. तारांच्या ओढीने लाकूड वाकू नये म्हणून दांडी पूर्वी जाडजूड ठेवावी लागे. सळई आल्यावर ती सडपातळ करता आली. अंगठा वरून वळवून जड तार दाबणारे आणि तारा आडव्या खेचणारे वादक या अरुंद दांडीवर खूश झाले, आणि तीच रूढ झाली.

सतारीवरून गिटारकडे येणाऱ्याला हा फरक फार जाणवतो. सतारीची दांडी साडेतीन इंचांच्या आसपास रुंद असते. पण ती बोटासाठी नव्हे, मींडेसाठी. बाजाची तार पडद्यावर दाबून आडवी ओढीत न्यावयाची असते, त्या ओढीला मैदान लागते. गिटारवर त्या मैदानाच्या निम्म्याहूनही कमी रुंदीत सहा तारा नांदतात.

कारखानदारांना हा प्रश्न मुळीच सुचला नव्हता, असेही नाही. लिओ फेंडर यांच्या कंपनीने १९५० नंतर विजेच्या सपाट, भरीव गिटारी मोठ्या प्रमाणावर बाजारात आणल्या. १९६०च्या दशकात ही कंपनी दांडीच्या मुळाशी इंग्रजी अक्षराचा शिक्का मारी आणि त्या अक्षरावरून रुंदी ओळखता येई. आपल्याकडील सुताराच्या भाषेत सांगावयाचे, तर ए म्हणजे दीड इंच, बी म्हणजे १ इंच ५ सूत, सी म्हणजे पावणेदोन इंच आणि डी म्हणजे १ इंच ७ सूत. बी ही नेहमीची. डी म्हणजे जवळजवळ ४८ मिलिमीटर. ती मागणारे थोडे, म्हणून अशा गिटारी आज दुर्मिळ आहेत. पुढे ही सोय बंद झाली. चांगली पद्धत कधीकधी केवळ गिऱ्हाइकांनी विचारले नाही म्हणून मरते, त्यातलाच हा प्रकार.

रुंदीइतकीच आणखी एक गोष्ट पाहावी लागते, ती म्हणजे तारेची वाजणारी लांबी. फेंडरच्या धर्तीच्या गिटारमध्ये नटापासून घोडीपर्यंत ६४८ मिलिमीटर अंतर असते, गिब्सनच्या धर्तीच्या गिटारमध्ये सुमारे ६२८. पडद्यांमधील अंतर या लांबीवरच ठरते. ज्या स्वरसमूहाला ए मेजर म्हणतात, त्यात दुसऱ्या घरात लागोपाठच्या तीन तारांवर तीन बोटे ठेवावी लागतात. फेंडरच्या मापात हे घर ३४ मिलिमीटर लांब असते. अठरा अठरा मिलिमीटरची तीन बोटे एका ओळीत तेथे मावणार कशी? ती तिरपी रचावी लागतात, किंवा दोनच बोटांनी काम भागवावे लागते, किंवा एकच बोट आडवे घालून तिन्ही तारा दाबाव्या लागतात. अनेक नामांकित वादक हेच करतात आणि त्यात कमीपणा नाही. लांब मापाची गिटार मोठ्या हाताला येथे किंचित मदत करते; आखूड मापाची, मुलांसाठी केलेली, स्वस्त म्हणून घेतली तर अडचण दुणावते. भरदार हाताच्या चौदा वर्षांच्या मुलाला केवळ वय पाहून लहान गिटार देणे हा त्याच्यावर अन्यायच होय.

शरीर आणि वाद्य यांची जुळणी याहून बिकट स्थितीतही झालेली आहे. जँगो राइनहार्ट या वादकाची डाव्या हाताची दोन बोटे १९२८ साली गाडीला लागलेल्या आगीत जायबंदी झाली. उरलेल्या दोन बोटांनी त्याने युरोपात कीर्ती मिळविली. बर्मिंगहॅमच्या टोनी आयोमी याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके १९६५ साली कारखान्यातील यंत्रात तुटली. तो डावखुरा असल्यामुळे तारा दाबावयाची बोटे तीच. त्याने प्लॅस्टिक वितळवून बोटांना टोपणे केली आणि तारा हलक्या घेतल्या. जाड बोट हे तर व्यंगही नव्हे.

ज्याच्या घरी अरुंद गिटार आधीच येऊन पडली आहे, त्याने नवी घेण्याचा विचार करण्यापूर्वी आहे तीच तपासून घ्यावी. पुष्कळदा दोष रुंदीचा नसून उंचीचा असतो. स्वस्त गिटारमध्ये तारा दांडीपासून फार वर असतात. त्या दाबावयास जोर लागतो, जोर लावला की बोटाचे मांस पसरते, आणि पसरलेले मांस शेजारच्या तारेला टेकते. घोडी खाली उतरविली, नटाच्या खाचा योग्य तेवढ्या खोल केल्या आणि तारा एक माप पातळ घातल्या, तर तेच बोट निम्म्या जोराने काम करते. ही दुरुस्ती अर्ध्या दिवसाची आहे. जाणता कारागीर नटही नवा बसवून देऊ शकतो. कडेची जागा साडेतीन मिलिमीटरांवरून अडीचवर आणली, तर ४२ मिलिमीटरच्या दांडीवर तारांमधील अंतर ७ वरून ७.४ होते. याहून पुढे जाऊ नये. तार कडेवरून घसरू लागते. लाभ थोडा, पण खर्चही थोडा.

एक उपाय मात्र चुकूनही करू नये. नायलॉनच्या गिटारची दांडी रुंद असते हे कळल्यावर काही जण तीच घेऊन तिच्यावर पोलादी तारा चढवितात. पोलादी तारांची एकत्रित ओढ नायलॉनच्या तारांच्या जवळजवळ दुप्पट असते. त्या ओढीने घोडी उखडते, तबली फुगते, किंवा दांडी कायमची वाकते. उलट बाजूने, विजेच्या गिटारवर नायलॉनच्या तारा चढविणेही व्यर्थ आहे. विजेच्या गिटारमध्ये तारांखाली लोहचुंबकाभोवती गुंडाळलेल्या तांब्याच्या बारीक तारेची गुंडाळी असते. वर पोलादी तार कंप पावली की चुंबकीय क्षेत्र हलते आणि गुंडाळीत वीज निर्माण होते. शाळेतील विज्ञानाच्या पुस्तकातील फॅरडेचा नियम तो हाच. नायलॉनला चुंबक ओळखत नाही, म्हणून गिटार मुकी राहते. ज्यांना ५२ मिलिमीटरची दांडी आणि वीज ही दोन्ही हवीत, त्यांच्यासाठी घोडीखाली दाबाने वीज निर्माण करणारे स्फटिक बसविलेल्या नायलॉनच्या गिटारी निघतात. चेट ॲटकिन्स या वादकाच्या नावाने गिब्सनने १९८०च्या दशकात अशी भरीव अंगाची गिटार काढली होती. ती आता निघत नाही, पण कॅनडातील गोडँ कंपनीची त्याच जातीची गिटार आहे. तिचा आवाज मऊ असतो. ज्याला चित्रपटसंगीतातील धारदार गिटार वाजवावयाची आहे, त्याचे समाधान तिच्याने होणार नाही.

पोलादी तारांचीच, पण रुंद दांडीची गिटार हवी असेल तर दोन वाटा आहेत. फेंडरच्या धर्तीच्या गिटारची दांडी चार स्क्रूंनी अंगाला जोडलेली असते, म्हणून ती काढून दुसरी बसविता येते. अमेरिकेतील वॉरमॉथ ही कंपनी १ इंच ७ सुतांच्या रुंद दांड्या मागणीप्रमाणे करून देते. परदेशाहून मागविताना वाहतूक आणि आयातकर धरून हिशेब करावा. तो मूळ गिटारच्या किमतीच्या पलीकडे सहज जातो. दुसरी वाट स्वस्त आहे. अलीकडे सात तारांच्या विजेच्या गिटारी मिळतात आणि त्यांचा नट सुमारे ४८ मिलिमीटरचा असतो. त्यावर सहा खाचांचा नवा नट बसवून सहाच तारा लावल्या, की रुंद दांडी मिळते. मात्र घोडीला सात तारांच्या जागा असतात. एक रिकामी राहिली तर बाकीच्या तारा एका बाजूला सरकतात आणि दांडीच्या मध्यावर येत नाहीत. म्हणून घोडीचे काय करणार, हे कारागिराला आधी विचारून घ्यावे.

दुकानात जाताना खिशात पोलादी पट्टी ठेवावी. देवासच्या औद्योगिक वसाहतीत किंवा धार जिल्ह्यातील पीथमपुरात काम करणारा कोणी फिटर ओळखीचा असेल, तर त्याचा व्हर्नियर मागून घ्यावा; अर्धा मिलिमीटर डोळ्यांनी ओळखता येत नाही. नट मोजावा, मग पहिल्या तारेपासून सहावीपर्यंतचे अंतर वेगळे मोजावे, कारण रुंद दांडीवरही तारा मध्ये दाटीवाटीने बसविलेल्या आढळतात. दांडीची जाडीही हाताने अजमावावी. मोठ्या पंजाला फार पातळ दांडी पेलत नाही, अंगठा आखडतो. दुकानदार कुरकुर करील, करू द्यावी. घरपोच मागवावयाची असेल तर जाहिरातीतील मापांच्या कोष्टकात नटाची रुंदी पाहावी, आणि ती दिलेलीच नसेल तर ती गिटार मागवू नये.

एवढ्यानेही ज्याचे भागत नाही, त्याने एक जुनी गोष्ट लक्षात घ्यावी. बाजारात आलेली पहिली विजेची गिटार, अमेरिकेतील रिकेनबॅकर यांची, १९३०च्या दशकाच्या आरंभीची, मुळी बोटांनी दाबून वाजवावयाची नव्हतीच. ती हवाई बेटांच्या पद्धतीने मांडीवर आडवी ठेवून, तारांवरून पोलादी दांडा सरकवीत वाजवीत. १९४०च्या दशकात हवाईहून आलेल्या टाऊ मो यांनी कलकत्त्यात ही पद्धत शिकविली. लखनौचे वान शिप्ले यांनी विजेच्या गिटारवर ती घरोघर पोहोचविली. ब्रिजभूषण काबरा यांनी तीवर राग वाजविले आणि १९६७ साली शिवकुमार शर्मा व हरिप्रसाद चौरसिया यांच्यासह केलेल्या ध्वनिमुद्रिकेत ती सर्वांना ऐकविली. विश्वमोहन भट्ट यांनी तिला तरफा जोडून मोहनवीणा केली व १९९४ साली ग्रॅमी पारितोषिक मिळविले. या पद्धतीत बोट लाकडाला टेकतच नाही, त्यामुळे दोन तारांच्या फटीत ते अडकण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. मींड तर अशी निघते की देवासच्या कानांना ती परकी वाटू नये. साध्या गिटारच्या नटावर तारा उचलून धरणारा एक छोटा धातूचा तुकडा ठेवला, घोडीकडून तारा थोड्या वर घेतल्या आणि हातात दांडा धरला, की कपाटावरची तीच गिटार या कामाला येते. तो तुकडा काढून घोडी खाली उतरविली, की ती पुन्हा पूर्ववत होते.